निर्लेखित साहित्य

माझ्या मावशीने वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी पहिला अल्बम काढला. आमच्या घराण्यात तो शेवटपर्यंत ऐकलेली माणसं एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. त्यातलं एक बोट माझं. दुसरं माझ्या आईचं, पण ती मध्येच गॅसवरचं बघायला उठली होती, तेव्हा ते अर्धंच धरायचं.

मावशीला गाणं येत नाही. ही चहाडी नव्हे, ती स्वतःच सांगते. शाळेत समूहगीताच्या बाईंनी तिला तिसऱ्या रांगेत उभं केलं आणि म्हणाल्या, "तू नुसते ओठ हलव, बाळ." मावशीने दोन वर्षं इमानेइतबारे ओठ हलवले. त्यांच्या शाळेला बक्षीस मिळालं तेव्हा सगळ्या मुलींबरोबर तिलाही छोटा पेला मिळाला. तो तिने बिनदिक्कत घरी आणला आणि त्यात टूथब्रश ठेवायला लागली.

पुढे ती सरकारी रुग्णालयात कान तपासायच्या खोलीत नोकरीला लागली. खोली नंबर चौदा. खोलीत आणखी एक खोली: जाड दार, भिंतींना भोकाभोकांचे पत्रे, त्यांच्यामागे कापूस, आणि समोर दुहेरी काच. पेशंट आत हेडफोन लावून बसायचा, मावशी काचेबाहेर मशीनपाशी. "आवाज आला की बोट वर करा. बारीक आला तरी करा. नाही आला तर करू नका." ही तीन वाक्यं तिने एकतीस वर्षं रोज तीसेक वेळा म्हटली. बाकी बोलणं तिचं तिखट होतं, आणि ते कुणाचीच पदवी बघून कमी व्हायचं नाही.

खोलीत येणाऱ्यांचे तीन प्रकार, असं ती सांगायची. खरे बहिरे, खरे चांगले आणि नाटकी. बदली टाळायची, भरपाई मिळवायची, म्हणून एक कान गेल्याचं सोंग करणारे रोज एक-दोन तरी यायचे. त्यांच्यासाठी तिच्याकडे सरकारमान्य युक्ती होती. 'गेलेल्या' कानात मोठा आवाज सोडायचा आणि त्याच वेळी चांगल्या कानात तोच आवाज बारीक सोडायचा. खऱ्या बहिऱ्याला चांगल्या कानातला बारीक आवाज येतो, तो बोट वर करतो. नाटक्याला फक्त मोठा आवाज कळतो, आणि तो तर त्याला यायचाच नसतो, म्हणून तो ढिम्म बसतो आणि फसतो. पण मावशीला याहून तिची स्वतःची युक्ती प्रिय होती. तपासणी संपल्यावर ती माइकमध्ये हळूच कुजबुजायची, "झालं, साहेब गेले, उठा आता." नाटक्या लगेच उठायचा.

घरी तिचा मुकाबला काकांशी होता. काका म्हणजे मावशीचे यजमान, नकाशांच्या कार्यालयातून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे जुन्या तबकड्यांची दोन कपाटं होती आणि 'कान' होता. हा कान त्यांना जन्मतःच लाभला होता, असं त्यांचंच म्हणणं. दर रविवारी सकाळी त्यांचे पाच मित्र यायचे. सहाही जण डोळे मिटून तबकड्या ऐकायचे, मधूनच "अहाहा" म्हणायचे आणि मावशीने कप उचलताना आवाज केला की एकदम दुखावले जायचे. या मेळाव्याला ते श्रवणमंडळ म्हणत. मावशी त्याला डुलकीमंडळ म्हणायची.

"अगं, तुझ्या त्या टूं-टूंमध्ये आणि सुरात जमीन-अस्मानाचा फरक आहे," काका तिला समजावायचे. "सूर काळजाला कळावा लागतो."

"काळजाचा विभाग दुसऱ्या मजल्यावर आहे," मावशी म्हणायची. "मी तळमजल्यावर बसते."

असं तीस वर्षं चाललं होतं. मग रुग्णालयात नवं मशीन आलं. ते आपण होऊन आवाज सोडायचं, आपण होऊन आलेख काढायचं आणि शेवटी पेशंटला बायकी आवाजात 'धन्यवाद' म्हणायचं. मावशीचा राग त्या धन्यवादवर होता. "माणसाला आत्ताच कळलंय की आपला कान गेला, आणि ही सटवी त्याचे आभार मानतेय."

जुनं मशीन सोडवून न्यायला आला तो मशीनवाला. वर्षातून एकदा येऊन मशीनचे आवाज जिथल्या तिथे आहेत ना, हे तपासणं त्याचं काम. चाळिशीचा, हडकुळा, खिशात चार स्क्रूड्रायव्हर. प्रत्येक वाक्य तो 'म्हणजे कसं'ने सुरू करायचा आणि पुष्कळदा तिथेच संपवायचा. वायरी काढण्याआधी त्याने सवयीने मशीन चालू केलं आणि काटा चार हजारवर, म्हणजे सेकंदाला चार हजार कंपनांच्या सुरावर, आणला. मावशी पाठमोरी बसून रजिस्टर लिहीत होती.

"ते चार हजार नाहीये," ती मान न वळवता म्हणाली. "तीन हजार नऊशेच्या जरा वर आहे. गेल्या वर्षी तू येऊन गेलास ना, त्यानंतर उतरलंय."

मशीनवाल्याने आपलं मीटर लावलं. तीन हजार नऊशे वीस. त्याने काटा फिरवला. "हा?"

"सातशे."

"हा?"

"सातशे दहा. लाज वाटत नाही का रे, एवढं सोपं विचारायला?"

मशीनवाला पेशंटच्या खुर्चीत बसला. त्याने खिशातून एक स्क्रूड्रायव्हर काढला आणि पुन्हा आत ठेवला. मग म्हणाला, "म्हणजे कसं, बाई, बुधवारी दुपारी तुम्हाला वेळ असतो का?"

"विमा असेल तर नको," मावशी म्हणाली, "आणि दुसरं काही असेल तर आधी माझं वय बघ."

दुसरंच काही होतं, पण तसलं नव्हतं. रुग्णालयाच्या मागच्या बाजूला, धुलाईखान्याला लागून एक कोठार होतं. सरकारी भाषेत एखादी वस्तू कामातून गेली की तिचं 'निर्लेखन' होतं, म्हणजे नोंदवहीतून तिचं नाव खोडतात. अशा खोडलेल्या वस्तू त्या कोठारात लिलावाची वाट बघत पडलेल्या असायच्या: मोडक्या खाटा, एक पाय नसलेले स्टँड, आंधळी झालेली क्ष-किरण यंत्रं. दारावर पाटी होती, 'निर्लेखित साहित्य'. मावशी बुधवारी तिथे गेली तेव्हा आत मशीनवाला होता, आणि उलट्या ठेवलेल्या बादलीवर भूलवाल्या डॉक्टरबाई बसल्या होत्या.

डॉक्टरबाईंची निवृत्ती दोन महिन्यांवर आली होती. जाड, गोऱ्या, हसऱ्या. पस्तीस वर्षं त्यांनी माणसं झोपवली होती. "माझ्या कलेला आजवर एकाही श्रोत्याने जागेपणी दाद दिलेली नाही," त्या म्हणायच्या. ऑपरेशन चालू असताना पेशंटच्या बोटाला लावलेलं यंत्र सारखं टिक-टिक करत असतं. रक्तातला प्राणवायू कमी झाला की त्या टिक-टिकीचा सूर उतरतो. पस्तीस वर्षं बाईंचा एक कान त्या सुरावर होता. घरी फ्रीजचा आवाज बदलला तरी त्या दचकून नवऱ्याची नाडी बघायच्या.

मशीनवाल्याने भंगारातली अशी सहा-सात यंत्रं दुरुस्त केली होती. म्हणजे पेशंटच्या कामाची नव्हे, नुसता आवाज करण्यापुरती. त्याने दोन यंत्रांचे सूर एकमेकांच्या जवळ आणले. ते अगदी जवळ आले तसा मधूनच तिसरा आवाज डुलायला लागला, झोपाळ्यासारखा.

"सातशे आणि सातशे तीन," मावशी म्हणाली. "सेकंदाला तीन झोके."

डॉक्टरबाई बादलीवरून उठल्या. "बाई, इथे तुम्ही बसा."

"पण याला काय म्हणायचं? संगीत?" मावशीने विचारलं.

"कुणी विचारलंच तर संगीत म्हणायचं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "नाही विचारलं तर दुरुस्ती चाललीय म्हणायचं."

बुधवार मागून बुधवार गेले. दुपारी बाह्यरुग्ण विभाग आवरला की तिघं कोठारात जमायची. मशीनवाला यंत्रं जोडायचा, डॉक्टरबाई ठेका सांभाळायच्या, आणि मावशी? तिने पहिल्याच महिन्यात सगळा कारभार हातात घेतला. कुठला सूर किती, कधी सुरू, कधी बंद, हे ती ठरवायची. मशीनवाला काही भावुक जोडायला गेला की ती म्हणायची, "हे काढ. हे रडायला लावतंय. रडायचं असेल तर लोक आपापल्या घरी रडतील." गटाचं नाव वेगळं शोधावं लागलं नाही. दारावर पाटी होतीच.

त्या नावाने घरी घोटाळा केला. निर्लेखित साहित्य नावाच्या मंडळात बायको जाते म्हटल्यावर काकांना वाटलं, ही लिहायला लागली. त्यांनी श्रवणमंडळात बातमी फोडली.

"कथा की कविता?" एका मित्राने विचारलं.

"निर्लेखित," काका म्हणाले.

"म्हणजे न लिहिलेलं. नवा प्रवाह दिसतोय."

खरा प्रकार कळल्यावर काका दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "भंगारातून संगीत? उद्या कचऱ्याच्या गाडीलाही मानपत्र द्याल."

रुग्णालयाच्या अधीक्षकांनाही सुगावा लागला. धुलाईखान्याच्या मुकादमाने तक्रार केली होती. एके दिवशी तिघांच्या नावाने पत्र आलं. 'विषय: निर्लेखित साहित्यातून आवाज येत असल्याबाबत.' मावशीचा पारा चढला, मशीनवाला पांढराफटक पडला. डॉक्टरबाईंनी मात्र चष्मा लावून तिथल्या तिथे उत्तर लिहिलं: 'सदर साहित्य रीतसर निर्लेखित झालेले असल्याने त्यातून येणारा आवाजही निर्लेखित समजावा, व त्याची नोंद कोठेही घेण्यात येऊ नये, ही विनंती.' अधीक्षकांनी ते उत्तर म्हणे तीन वेळा वाचलं आणि त्यावर 'दप्तरदाखल' असा शेरा मारला. सरकारात याहून मोठी परवानगी नसते.

अल्बम काढायची कल्पना मशीनवाल्याची. त्याने ती एका दमात, एकही 'म्हणजे कसं' न घालता मांडली. तेव्हाच दोघी बायकांना कळलं, की हा पोरगा याच्यासाठी वर्षानुवर्षं थांबलाय. ध्वनिमुद्रणाला जागा कुठली? साऱ्या गावात चौदा नंबरच्या त्या बंद खोलीएवढी शांत खोली नव्हती. खोली एका पेशंटसाठी. वायरी तोकड्या, म्हणून यंत्रंही आतच घ्यावी लागली. तीन माणसं गुडघ्याला गुडघा लावून, मांडीवर यंत्रं घेऊन, घामाने निथळत बसली. पंखा लावला की त्याचा आवाज, म्हणून पंखा बंद. सहा शनिवारांच्या दुपारी यात गेल्या.

पाचव्या शनिवारी एका तुकड्याच्या अगदी शेवटी, सगळे सूर थांबून नुसती शांतता उरलेली असताना डॉक्टरबाईंचं पोट बोललं. साधंसुधं नव्हे, चांगलं लांबलचक, चढ-उतारांसकट. मशीनवाल्याने कपाळाला हात लावला. "म्हणजे कसं... पुन्हा घ्यावं लागेल."

"हात लावायचा नाही," मावशी म्हणाली. "सगळ्या तुकड्यात एवढी एकच गोष्ट आपण ठरवून केलेली नाही. राहू दे."

ते पोट आज अल्बममध्ये आहे. जाणकारांनी त्याला 'खोल, सेंद्रिय ध्वनी' म्हटलं. डॉक्टरबाईंनी ते कात्रण जपून ठेवलंय.

अल्बमचं नाव 'बोट वर करा'. सात तुकडे. नावं मावशीच्या तपासणीतलीच: 'उजवा कान', 'डावा कान', 'आठ हजार', 'हाडातून', 'नाटक' वगैरे. वेष्टनाच्या मागचा मजकूर लिहायचं काम भाची म्हणून माझ्याकडे आलं, कारण मी वर्तमानपत्रात मुद्रितं तपासते. मी जीव तोडून दीड पान लिहिलं. यंत्रयुगातला माणूस, मौनाचा गाभारा, असं बरंच. मावशीने पेन्सिल घेतली आणि खोडत सुटली. शेवटी 'सात तुकडे आहेत' एवढंच उरलं.

"मी काही कमी लिहिलं होतं का?" मी फुरंगटून विचारलं.

"कमी नव्हतं, म्हणून तर," ती म्हणाली.

प्रकाशन रुग्णालयाच्या व्याख्यानगृहात ठेवलं, शनिवारी दुपारी चार वाजता. पुढच्या तीन रांगा परिचारिका विद्यालयाच्या मुलींनी भरल्या. हजेरी लागणार असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. मागे पेशंटांचे नातेवाईक, कारण व्याख्यानगृहात पंखे चांगले होते. चौथ्या रांगेत काका आणि त्यांचं श्रवणमंडळ, सहाच्या सहा, इस्त्रीचे कपडे घालून. काका येणार नाहीत असं मावशीला वाटलं होतं. ते आले, आणि बसताना आसपासच्या चार लोकांना त्यांनी सांगितलं, "आम्ही खरं तर जुन्या गाण्यातले."

पहिले दोन तुकडे ठीक झाले. म्हणजे कुणी उठून गेलं नाही. मग 'आठ हजार' आला. त्यात एकच सूर आहे, फार उंच, सुईसारखा. तो येतो, जातो, पुन्हा येतो. मावशीने माइक घेतला आणि एकतीस वर्षांच्या आवाजात म्हणाली, "आवाज आला की बोट वर करा. थांबला की खाली."

सूर सुरू झाला आणि मुलींची बोटं एका झटक्यात वर गेली. थांबला, खाली आली. पुन्हा वर, पुन्हा खाली. मुली खुदूखुदू हसायला लागल्या. मागच्या नातेवाइकांतली तरणी माणसंही खेळात उतरली. मी बोट वर करत होते आणि काकांकडे बघत होते. त्यांचंही बोट वर जात होतं. फक्त इतरांपेक्षा जरा उशिरा. त्यांच्या उजवीकडची-डावीकडची पाच बोटं आणखी जरा उशिरा.

मग सूर पूर्ण थांबला. लांब शांतता. काकांच्या पुढे बसलेल्या मुलीच्या केसांतली पिन सुटली, ती नीट करायला तिने हात वर नेला. काकांनी लगेच बोट वर केलं. पाठोपाठ मंडळाची पाच बोटं वर. साऱ्या सभागृहात सहाच बोटं, ताठ, आणि त्यांच्याखाली सहा समाधानी चेहरे.

मुलींपैकी कुणी मागे वळून बघितलं नाही, हे नशीब. पण मावशीने बघितलं. तिच्यासारख्या बाईला ते दिसणार नाही असं कसं होईल? ती माइक हातात धरून तशीच उभी राहिली. मला वाटलं, आता ही म्हणते, 'झालं, साहेब गेले, उठा आता.' तिने माइक खाली ठेवला आणि पुढचा तुकडा लावायला सांगितलं.

घरी जाताना आम्ही तिघं रिक्षात होतो. काका खुशीत होते.

"तो तिसरा बरा होता हं," ते म्हणाले. "जरा कर्कश, पण बरा."

मावशी बाहेर बघत होती. "हो," ती म्हणाली. बस, एवढंच. मावशी 'हो' म्हणून गप्प बसली, हे काकांना खटकायला हवं होतं. नाही खटकलं.

पुढच्या मंगळवारी तिने त्यांना सांगितलं, "उद्या दुपारी माझ्या खोलीत या." दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा समोर उभं राहून. काका नेहमी म्हणायचे, माझा कान तू काय तपासणार. त्या दिवशी का कोण जाणे, आले. नवं मशीन त्या आठवड्यात बंद पडलं होतं, म्हणून कोठारातून जुनंच आणून जोडलं होतं. मी मावशीबरोबर काचेबाहेर होते, कारण तिनेच मला बोलावलं होतं. "तू असलीस की मी नीट बोलेन," ती म्हणाली होती.

काका आत हेडफोन लावून बसले, फोटो काढायला बसावं तसे. मावशीने तीन वाक्यं म्हटली. काकांचं बोट वर गेलं.

तिने माइकचं बटण दाबलं. "अहो, मी अजून आवाज सोडलेला नाही."

काकांचं बोट खाली आलं. काचेतून ते आमच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी डोळे मिटले, पण रविवारसारखे नव्हे, आणि पुढची वीस मिनिटं ते खरं वागले. खालचे सूर सगळे आले. हजारपर्यंत बोट झटपट वर जात होतं. दोन हजारला ते अडखळलं. तीन हजारला मावशीने आवाज वाढवत, वाढवत, वाढवत नेला. पुढे चार, सहा, आठ. तिथे काकांचे दोन्ही हात मांडीवर शांत पडून होते, आणि हेडफोनमधून निसटलेली बारीक चरचर मला काचेबाहेरसुद्धा ऐकू येत होती.

ते बाहेर आल्यावर मावशीने आलेख टेबलावर ठेवला. नकाशांत आयुष्य काढलेल्या माणसाला तो समजावून सांगावा लागला नाही. रेघ सरळ पठारावरून चालत यायची आणि मग एकदम कडा.

"हे कधीपासून?" काकांनी विचारलं.

"सात-आठ वर्षं असावीत. हळूहळू गेलंय. वयाने जातं, सगळ्यांचंच."

"म्हणजे नक्की काय येत नाही मला?"

"वरचं. सगळं बारीक, टोकदार. बोलण्यातला 'स', 'श', 'फ'. माझं बोलणं पुष्कळसं."

काकांनी त्या कड्यावरून बोट फिरवलं. "मला वाटायचं, तू हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतेस."

"मी? आयुष्यात कधी बोलले का मी तोंडातल्या तोंडात?"

"नाही," काकांनी मान्य केलं. "मग सात वर्षं मी 'हो, हो' म्हणत होतो ते कशाला?"

"तेच तर मला कळत नव्हतं. माझं सगळं ऐकायला लागलात म्हणून मी मनातून घाबरले होते."

मी हसले. काकाही हसले, पण ते हसू ओठांवरच राहिलं. त्यांनी विचारलं, "आणि तबकड्या? त्या मी अर्ध्याच ऐकतोय?"

मावशीने आलेखाची घडी केली आणि त्यांच्याच खिशात ठेवली.

त्यानंतरच्या रविवारी काकांनी मित्रांना येऊ नका असं कळवलं. मी दुपारी डबा परत करायला गेले तर दार उघडं होतं. आत तबकडी चालू. काका खुर्चीत, आणि मावशी स्टूल ओढून त्यांच्या उजव्या कानाशी. तीस वर्षांत मी तिला त्या खोलीत बसलेलं पाहिलं नव्हतं. कप उचलायला यायची, तेवढीच.

"आता काय आहे?" काकांनी विचारलं.

"आता सहा हजारच्या आसपास काहीतरी चमकतंय. तारांचं असावं. हे गेलं. पुन्हा आलं."

"हो, हो, ते आठवतंय मला. आणि आता?"

"आता तुमचा गायक श्वास घेतोय. नाकातून शिट्टी वाजते त्याच्या. माहीत होतं का?"

"नव्हतं," काका म्हणाले.

"सांगायला नको होतं का?"

"नको होतं." मग म्हणाले, "पण आता सांगितलंस, तर पुढे वाजली की सांग."

मी डबा ओट्यावर ठेवला आणि मागच्या मागे निघून आले.

मग मावशीने एक काम केलं, जे तिने स्वतःहून कुणासाठी केल्याचं मला आठवत नाही. मशीनवाल्याला आणि डॉक्टरबाईंना बसवून तिने अख्खा अल्बम खाली उतरवला. सगळे सूर चौपटीने खाली, म्हणजे आठ हजारचा दोन हजार. 'ज्येष्ठ नागरिक आवृत्ती' असं त्यावर छापलं. मशीनवाला दबकत म्हणाला, "म्हणजे कसं, याने कलाकृतीचा..." मावशीने नुसतं बघितलं. त्याने वाक्य नेहमीप्रमाणे तिथेच सोडलं.

पहिली प्रत काकांना. त्यांनी डोळे उघडे ठेवून सगळे सात तुकडे बसून ऐकले. पोटापर्यंत.

"कसं आहे?" मावशीने विचारलं.

"भिकार," काका म्हणाले. "पण भिकार आहे हे आता स्वच्छ ऐकू येतंय."

मावशी एवढी खूश झालेली मी क्वचित पाहिली आहे. मूळ आवृत्तीबद्दल तीन-चार ठिकाणी बरं लिहून आलं. कुठल्याशा परदेशी रेडिओने 'नाटक' वाजवला. पण खपली ती ज्येष्ठ आवृत्ती. श्रवणमंडळाच्या पाचांनी आधी 'आम्हाला गरज नाही' म्हणून सांगितलं आणि मग एकेक करून, दुसऱ्याला न कळता, पाचही जण चौदा नंबरच्या खोलीत येऊन गेले. मावशीने कुणाचं कुणाला सांगितलं नाही. मला सांगितलं, पण मी घरची.

गेल्या वर्षी मावशी निवृत्त झाली. कोठारातलं साहित्य लिलावात जाणार होतं. अधीक्षकांनी यादी बघितली, सात यंत्रं यादीत नव्हती आणि कोठारातही नव्हती. त्यांनी 'दप्तरदाखल' असा शेरा मारला. ती सात यंत्रं आता मावशीच्या जेवणाच्या टेबलावर आहेत आणि जेवण आम्ही ताटं मांडीवर घेऊन करतो.

काकांनी कानाचं यंत्र लावलं, सहा महिने कुरकुरून. ते नीट बसलं नाही की शिट्टी मारतं. मागच्या बुधवारी मी गेले तेव्हा काका खिडकीजवळ खुर्चीत होते. दुसऱ्या अल्बमसाठी मशीनवाला त्यांच्या कानापाशी माइक धरून उकिडवा बसला होता. डॉक्टरबाई सोफ्यावरून हातवारे करत होत्या.

"काका, म्हणजे कसं, मान जरा भिंतीकडे... हां, वाजली. थोडी आणखी."

"मी वाद्य नाही," काका म्हणाले.

"बोलू नका हो," मावशी टेबलापासून ओरडली. "सव्वीसशेवर आलाय, अगदी छान धरलाय. मान तिथेच ठेवा."

काकांनी मान तिथेच ठेवली. मग हळूच, ओठ न हलवता, त्यांनी मला विचारलं, "वेष्टनावर माझं नाव येणार ना गं?"